इंजिन माउंटिंगचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत असतील तर काय पाहावे आणि ते कसे बदलावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ३० अश्वशक्तीचा, पुढे लोडर जोडलेला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आहे. तेल बदलताना इंजिनाचा ब्लॉक आणि पुढच्या ॲक्सलचे बिडाचे ब्रॅकेट यांना जोडणारे डाव्या बाजूचे दोन बोल्ट बोटांनी फिरतील इतके सैल सापडले. ते पान्याने आवळले, पण पंधरा-वीस तास काम झाल्यावर तेच दोन पुन्हा सैल झाले आणि तिसऱ्याचे डोके तुटून पडले. आता जाड स्प्रिंग वॉशर घालून पुन्हा आवळावे, की बोल्टच बदलावेत?

तिसऱ्यांदा आवळू नका. त्या जोडातले सगळे बोल्ट बदला, उजव्या बाजूचे घट्ट वाटणारेही. बदलताना जोडाची दोन्ही तोंडे उघडी करून पाहा. आणि तोपर्यंत लोडरने काहीही उचलू नका. एकदा सैल झालेला बोल्ट कुणाच्या निष्काळजीपणामुळे सैल झालेला असू शकतो, पण आवळल्यावर वीस तासांत पुन्हा सैल झालेला बोल्ट हे सांगतो की जोडाची तोंडे एकमेकांवर सरकत आहेत, आणि सरकणारा जोड नुसत्या आवळण्याने थांबत नाही.

आधी आपल्या ट्रॅक्टरची रचना कोणती, हे ओळखावे लागेल, कारण ‘इंजिन माउंटिंग’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. काही कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांत चेसिसच्या दोन लांब पट्ट्या असतात आणि इंजिन त्यांच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. तिथे बोल्टवर मुख्यतः इंजिनाचे वजन आणि कंपन येते. दुसऱ्या रचनेत वेगळी चेसिस नसतेच. इंजिनाचा ब्लॉक हाच ट्रॅक्टरचा कणा असतो, मागे तो क्लच हाउसिंगला आणि पुढे ॲक्सलच्या ब्रॅकेटला थेट, धातूला धातू भिडवून आवळलेला असतो. आपण केलेले वर्णन या दुसऱ्या रचनेचे आहे. अशा ट्रॅक्टरवर बादली भरून लोडर उचलला की पुढच्या चाकांवर येणारा सगळा भार आणि खड्ड्यात चाक आदळल्याचा प्रत्येक धक्का याच जोडातून जातो. म्हणून इथे सैल बोल्टचा अर्थ ‘इंजिन थोडे हलते’ एवढाच नसून ‘ट्रॅक्टर मधोमध वाकू पाहतो आहे’ असा घ्यायला हवा.

बोल्ट सैल का होतो याचे उत्तर बोल्टपेक्षा जोडात सापडते. योग्य आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. ८.८ दर्जाचा एम १२ (म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट नीट आवळला तर त्यात साधारण ३५ ते ४० किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे तो दोन तोंडांना पावणेचार टनांच्या आसपासच्या वजनाने एकमेकांवर दाबून धरतो. आडवा भार पेलण्याचे काम बोल्टची दांडी करत नाही. ते काम या दाबातून निर्माण होणारे घर्षण करते. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर एका बोल्टमागे पाच-सहा किलोन्यूटन आडवा भार पेलला जातो. धक्का त्याहून मोठा आला की तोंडे केसभर सरकतात, आणि अशी पुढे-मागे सरकण्याची क्रिया चालू राहिली की आट्यांतली पकड क्षणभर सुटून बोल्ट प्रत्येक वेळी किंचित उलटा फिरतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले, आणि त्याच प्रकारच्या चाचण्यांत चिरलेला स्प्रिंग वॉशर अशा आडव्या हालचालीपुढे जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हेही दिसले. जाड स्प्रिंग वॉशरच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रॅकेटची जाडी २५ मिलिमीटर असेल तर तो पावणेचार टनांचा ताण येण्यासाठी बोल्ट जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर लांबतो. रंगाचा एक थर साधारण तेवढाच जाड असतो. जोडाच्या तोंडांवर किंवा वॉशरखाली रंग, गंज किंवा मातीची पापडी राहिली आणि ती कामाच्या पहिल्या काही तासांत दबून ०.०२ मिलिमीटरनेही बसली, तर बोल्ट अजिबात न फिरता त्याचा तिसरा हिस्सा ताण गेलेला असतो. वर्कशॉपमध्ये ‘मी स्वतः टॉर्क (मोजलेला पीळ) लावून आवळला होता’ असे छातीठोकपणे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांनी रंगावर आवळलेला असतो.

तपासणीचा पहिला नियम असा की धुण्यापूर्वी पाहावे. पुष्कळ जण आधी प्रेशरने ट्रॅक्टर स्वच्छ धुतात आणि त्याबरोबर सगळा पुरावाही वाहून जातो. सरकणाऱ्या जोडाच्या कडेला तांबूस तपकिरी, पिठासारखी बारीक पूड साचते. तेलाचा ओलावा असेल तर तीच पूड गेरूच्या चिखलासारखी ओघळलेली दिसते. ती कोणत्या बोल्टाभोवती जास्त आहे याचा फोटो काढून ठेवा. जोडाच्या रेषेवर रंगाला गेलेला तडा, वॉशरच्या कडेने दिसणारी चकचकीत चंद्रकोर, पंख्याच्या पात्याने आवरणावर ओढलेला ताजा ओरखडा आणि बॉनेटच्या दोन बाजूंच्या फटींतला फरक याही खुणा टिपा. मग वायरब्रश आणि रॉकेलने जागा स्वच्छ करून कोरडी करा.

आता हालचाल प्रत्यक्ष पाहायची. ट्रॅक्टर सपाट, टणक जमिनीवर, पुढची चाके सरळ, लोडर पूर्ण खाली, पार्किंग ब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, इंजिन बंद आणि किल्ली खिशात, अशा स्थितीत पुढच्या ॲक्सलच्या मध्याखाली जॅक लावून चाके जमिनीपासून सुटतील न सुटतील इतपत उचलावे आणि पुन्हा सोडावे. हे एकाने करताना दुसऱ्याने अंगठा जोडाच्या रेषेवर असा ठेवावा की अर्धा ब्लॉकवर आणि अर्धा ब्रॅकेटवर येईल. डोळ्यांना न दिसणारी हालचाल अंगठ्याच्या कातडीला कळते. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारे मोजमापाचे साधन, असेल तर उत्तमच. सुई थोडीही हलली तरी जोड सरकतो आहे असे समजावे. इंजिन चालू ठेवून, लोडरच्या दाबाने पुढची चाके उचलून हीच चाचणी करणारे मी पाहिले आहेत. तेव्हा बोट जोडाजवळ असेल तर ते गेलेच म्हणून समजा.

उरलेले बोल्ट घट्ट आहेत की नाही हे सैल करून पाहू नये. टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेला पीळ गाठला की टक् करणाऱ्या पान्यावर, पुस्तिकेतला आकडा लावून आवळण्याच्या दिशेनेच सावकाश जोर द्यावा. डोके न फिरता रेंचने टक् केले, तर तो बोल्ट निदान सुटलेला नाही; फिरला, तर किती फिरला ते खडूने लिहून ठेवावे. मात्र गंजाने धरलेला बोल्टही न फिरता टक् करतो, त्यामुळे ही चाचणी सैल बोल्ट शोधण्यासाठी चांगली असली तरी घट्टपणाची खात्री देत नाही. सगळेच बदला असे म्हणण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की दोन बोल्ट सैल असताना जो ताण त्यांनी घ्यायचा तो शेजाऱ्यांनी घेतला आहे, आणि त्या थकव्याची खूण बाहेरून दिसत नाही.

तुटलेल्या तिसऱ्या बोल्टचे डोके फेकले नसेल तर ते स्वच्छ करून उन्हात तिरके धरा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यासारख्या अर्धगोल रेषा दिसतील आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार असेल. त्या रेषा म्हणजे भेग दिवसेंदिवस पुढे सरकल्याची नोंद असते, आणि खडबडीत भाग शेवटच्या एका झटक्यात तुटलेला असतो. गुळगुळीत भाग मोठा असेल तर बोल्ट सैल राहून वाकत-वाकत थकून तुटला. संपूर्ण तोंड खडबडीत असेल आणि दांडी तिथे बारीक झालेली असेल, तर तो बहुधा आवळतानाच प्रमाणाबाहेर ताणला गेला होता. पहिल्या स्थितीत चूक जोडाची आहे, दुसऱ्या स्थितीत हाताची.

आता काढण्याविषयी. तोंडे सरकल्याची पूड मिळाली असेल तर एकेक बोल्ट काढून तिथे नवा घालणे पुरत नाही. जोड उघडावाच लागतो, आणि कणा असलेला जोड उघडणे म्हणजे ट्रॅक्टरचे दोन तुकडे करणे आहे, हे समजूनच काम हाती घ्यावे. आधी लोडर उतरवून बाजूला ठेवा आणि बॅटरीची ऋण तार सोडा. क्लच हाउसिंगखाली पक्का स्टँड लावा; नुसत्या जॅकवर विसंबू नका आणि पत्र्याच्या ऑइल पॅनखाली तर काहीच टेकवू नका. पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर झोकांड्या खाणारा असतो, म्हणून ॲक्सल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी ठोका, नाही तर शेवटचा बोल्ट निघताच पुढचा भाग एका कुशीवर कलंडतो. ब्रॅकेटच्या नाकाखालीही आधार हवा. रेडिएटरच्या होज, स्टीअरिंगचे पाइप, वायरिंग आणि असल्यास पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट यांच्यावर ताण येत नाही ना, हे पाहत पुढचा भाग सरकवावा. तोंडे घासायला हात शिरेल एवढी फट पुरते. जागेवर हा बंदोबस्त होत नसेल, तर हे काम ओव्हरहेड क्रेन असलेल्या वर्कशॉपकडे देण्यात कमीपणा नाही.

एखादा बोल्ट हलतच नसेल तर पान्याला लांब नळी लावून लोंबकळण्यापूर्वी त्यावर लाल थ्रेडलॉकर (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट धरून ठेवणारे रसायन) लावलेले आहे का, याचा विचार करा. ते साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय सुटत नाही. उष्ण हवेच्या गनने तापवावे. डिझेलचे पाइप आणि तेलाचे सील जवळ असताना ज्योत वापरू नये. डोके तुटून आत राहिलेला तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून वेल्ड करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण त्या उष्णतेने गंजही सुटतो.

तोंडे उघडली की रंग, गंज आणि जुने रसायन काढून नितळ धातू दिसेपर्यंत स्वच्छ करा, पण ग्राइंडर चालवू नका. सपाट दगड किंवा लाकडी ठोकळ्यावर ताणलेला पॉलिश पेपर पुरेसा आहे. पोलादी पट्टी उभी धरून खाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) जातो का पाहा. डॉवेल पिना (दोन तोंडे नेमकी जुळवून धरणाऱ्या गोल खिळ्या) असतील तर त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या: जोड बराच काळ सरकत राहिला असेल तर पिना एका अंगाने चपट्या होतात आणि त्यांची भोके लंबगोल होतात, आणि अशी भोके रीम करून मोठ्या पिना बसवल्याशिवाय जोड पुन्हा सरकणारच. ब्रॅकेटच्या कानांवर, भोकाच्या कडेपासून बाहेर जाणारी केसासारखी भेग आहे का, हे पाहण्यासाठी डाय पेनिट्रंटचा, म्हणजे भेगेत शिरून ती उठून दाखवणाऱ्या रंगाचा, फवारा वापरावा.

भोकातले आटे स्वच्छ करताना माझ्या हातून उमेदीच्या काळात घडलेली चूक सांगतो. ब्लॉकमधली भोके मी डिझेलने धुतली, वरवर पुसली आणि बोल्ट घातले. ती भोके आरपार नव्हती. तळाशी राहिलेले डिझेल बोल्टखाली कोंडले गेले. द्रव दबत नाही, म्हणून टॉर्क रेंचने वेळेआधीच टक् केले. मला ते कमी वाटले आणि मी अजून पाव फेरा दिला. एक कोरडा, काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि भोकाशेजारी बोटभर भेग दिसली. ती धातूचे टाके घालून बुजवावी लागली. तेव्हापासून बंद भोकात पातळ नळीने हवा मारल्याशिवाय आणि कापसाची काडी तळाला टेकवून कोरडी बाहेर आल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण भोकातले सगळे तोंडावर येते.

आटे फक्त मळलेले असतील तर धारदार टॅपऐवजी आटे साफ करणारा चेसर फिरवा. टॅप थोडे-थोडे बीड खातो आणि बोल्ट ढिला बसतो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइलसारखी तारेची चूड बसवून भोक मूळ मापाचे करता येते आणि ती नीट बसली तर मूळ आट्यांइतकीच भक्कम असते. एक माप मोठा बोल्ट बसवण्याचा मोह टाळा, कारण त्याने ब्रॅकेटच्या कानातली धातूची भिंत पातळ होते.

नव्या बोल्टच्या बाबतीत दर्जा, आट्यांचे अंतर आणि लांबी या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ८.८ चा अर्थ ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबू लागतो, असा आहे. जपानी पद्धतीच्या यंत्रांवर नुसता ७ किंवा ९ हा आकडा दिसतो. ७ ला ढोबळमानाने ८.८ च्या आणि ९ ला १०.९ च्या जोडीला बसवतात. इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा म्हणजे ग्रेड ८. आट्यांचे अंतर सर्वांत जास्त फसवते: एम १२ बोल्ट १.७५ मिलिमीटरचाही मिळतो आणि १.२५ चाही, आणि चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे हाताने गोड फिरतो, मग अडकतो. पान्याने रेटलात की भोक गेले. हाताने निदान पाच-सहा फेरे सहज जात नसतील तर थांबा. बिडात बोल्ट त्याच्या व्यासाच्या सव्वा ते दीड पट खोल शिरला पाहिजे. एम १२ साठी १५ ते १८ मिलिमीटर. नव्या बोल्टची लांबी जुन्याशी ताडून पाहा, पण बंद भोकात तो तळाला टेकत नाही हेही मोजून घ्या. ‘अधिक मजबूत’ म्हणून १२.९ चा बोल्ट घालू नका: बिडाचे आटे तेवढा ताण पेलत नाहीत.

वॉशर कठीण पोलादाचा, सपाट घ्या. मऊ वॉशर डोक्याखाली दबतो आणि पुन्हा तोच ०.०२ मिलिमीटरचा प्रश्न उभा राहतो. निर्मात्याने विशेष वॉशर दिला असेल तर तोच वापरा. आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करून निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर लावा. बंद भोकात ते बोल्टवर न लावता भोकातल्या आट्यांवर लावावे, नाही तर आतली हवा ते वर ढकलते. ते हवेविना आणि धातूच्या स्पर्शाने घट्ट होते. पूर्ण पकड येण्यास साधारण २४ तास लागतात आणि तोवर ट्रॅक्टर उभा ठेवावा.

टॉर्कसाठी आपल्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडा हाच अंतिम. तो हाती नसेपर्यंत अंदाज यावा म्हणून सांगतो: ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी एम १० ला साधारण ४८ ते ५५, एम १२ ला ७७ ते ९० आणि एम १४ ला १२४ ते १४७ न्यूटन-मीटर, १०.९ दर्जाच्या एम १२ ला १०३ ते ११७. हे आकडे तेल लावलेल्या आट्यांना लावू नयेत. आपण देत असलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात खर्च होतो. तेलाने घर्षण कमी झाले की त्याच आकड्यावर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, तोंडे पूर्ण भिडली आहेत याची खात्री करा, मग समोरासमोरच्या क्रमाने अर्ध्या टॉर्कवर, पाऊण टॉर्कवर आणि शेवटी पूर्ण टॉर्कवर आणा. शेवटचा टप्पा एका सलग ओढीत, झटका न देता. इम्पॅक्ट गन काढण्यापुरतीच.

ज्यांच्या ट्रॅक्टरांत रबरी माउंटिंग आहे, त्यांच्यासाठी फरक एवढाच की रबर तेलाने फुगलेले किंवा धातूपासून सुटलेले असेल तर एका बाजूचे एकटे न बदलता जोडी बदलावी, आणि सगळे बोल्ट सैल ठेवून इंजिन स्वतःच्या वजनाने बसू द्यावे, मगच आवळावे. लटकत्या इंजिनावर आवळले तर रबर जन्मभर पिळलेले राहते.

काम संपल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून वॉशर ओलांडून बिडापर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढा. लोडरच्या फ्रेमचे बोल्टही त्याच दिवशी तपासा, कारण ते सैल असले की लोडरचा पीळ नेमका याच जोडावर येतो. मागे वजन न लावता भरलेली बादली उचलणे हेही त्याचे दुसरे कारण असते. पाच तास हलके काम झाल्यावर रेघा पाहा, आणि मग ५० तासांनी. एकाच बोल्टची रेघ तुटलेली दिसली तर त्याच्या भोकातले आटे किंवा वॉशरखालची बैठक तपासावी लागेल. रेघा जागेवर असूनही जोडाच्या कडेला पुन्हा तांबूस पूड दिसली, तर बोल्ट निर्दोष आहेत. लंबगोल झालेली डॉवेलची भोके तशीच राहून गेली आहेत.